आजीने मला ज्या नावाने हाक मारली

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, गेल्या संक्रांतीच्या आधी गेली. ८१ वर्षांची होती. १९६४ साली ती पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि २००१ साली निवृत्त झाली. सगळी नोकरी सोलापुरातच, त्यातली बरीचशी पूर्व भागातल्या एका शाळेत. वर्षश्राद्ध आता जवळ आलंय. काकांना हॉल घेऊन कार्यक्रम करायचाय, स्मरणिका काढायचीय, आणि 'तू मराठी चांगलं लिहितेस' म्हणून ती माझ्याकडे सोपवलीय. बाबांकडे विषय काढला की ते उठून गॅलरीत जातात.

मी लिहायला बसते आणि मला शेवटची दोन वर्षंच आठवतात. आजीला विसराचा आजार झाला होता. रोज संध्याकाळी दाराशी जाऊन म्हणायची, "घंटा झाली, मला घरी सोडा." मला माझ्या नावाने हाक मारायची थांबली, एका भलत्याच मुलीच्या नावाने हाक मारायची. मध्येच तेलुगूत विचारायची, "अन्नं तिन्नावा?" आमच्या घरात कुणालाच तेलुगू येत नाही. एकदा मी फार दमले होते, तेव्हा ओरडले, "आजी, हेच तुझं घर आहे, किती वेळा सांगू!" ती घाबरून खाली बसली. ताई, मी २८ वर्षांची आहे, त्यातली २५ वर्षं ती माझी चांगली आजी होती, आणि मला ती २५ वर्षं सापडत नाहीत. काय लिहू?

तुमची एक वाचक, सोलापूर

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून नातच म्हणते, आणि तुझं पत्रही वर सगळं छापलेलं नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "घंटा झाली, मला घरी सोडा" या ओळीवर थांबले. स्मरणिकेचं नंतर बघू. आधी ती संध्याकाळ.

ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय त्यांना ही वेळ चांगली माहीत असते. ऊन उतरलं, दिवे लागायची वेळ झाली की या माणसांची घालमेल सुरू होते. स्वतःच्याच घरात बसून घरी जायचंय म्हणतात, चप्पल शोधतात, कडी काढायला बघतात. डॉक्टरांना हे नवं नाही. अल्झायमर सहसा मेंदूचा जो भाग आधी धरतो तो नवी आठवण रुजवणारा भाग असतो. त्यामुळे काल काय झालं ते राहत नाही, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी रोज घोटून बसलेलं मात्र बराच काळ टिकून असतं. तुझा जन्म झाला तेव्हा आजी ५४ वर्षांची होती. तिच्या आयुष्याच्या हिशेबात तू अगदी अलीकडची, म्हणून तुझं नाव लवकर गेलं. माया कमी होती म्हणून गेलं नाही.

आता ती कुठल्या घरी जायचं म्हणत होती, याचा विचार कर. तिच्या मनात शाळा सुटली होती. वर्ग रिकामा झाला होता, फळा पुसून झाला होता, आणि घरी दोन पोरं भुकेली बसली होती. त्यातलं एक पोर म्हणजे तुझे बाबा. तुमच्या आजच्या घरात तिला ते पोर दिसत नव्हतं, दिसत होता एक साठीचा माणूस. तिचा जीव त्या लहान मुलापाशी होता, म्हणून ती दाराशी जात होती. हे बाबांना सांग. गॅलरीत गेले तर मागोमाग जाऊन सांग आणि मग तिथेच गप्प उभी राहा. माझी खात्री आहे की त्यांनी ते वाक्य दोन वर्षं 'आईला आपलं घरसुद्धा आठवत नाही' असंच ऐकलंय.

तू ओरडलीस, त्याबद्दल. ओरडलीस हे खरं आणि ती घाबरली हेही खरं. काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुला ते पटायचं नाही. पण दोन वर्षांतल्या कितीतरी संध्याकाळी तू तिला दारावरून परत आणलंस, चहा दिलास, खुर्चीत बसवलंस. त्यातली एकच संध्याकाळ तू जपून ठेवली आहेस. बाकीच्या संध्याकाळीही तुझ्याच आहेत, त्याही धर. एका वहीत तारीख नसली तरी चालेल, आठवेल तशा लिहून काढ. पत्रात तू दमले होते असं लिहिलंस. असा माणूस सांभाळणाऱ्या घरात रात्रीची झोप मोडते, आणि झोप मोडलेलं माणूस चिडतं. अजूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर अंगावर काढू नकोस. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय त्याकडे येते. ते भलतं नाव.

पत्रात तू ते नाव लिहिलंयस. मी ते इथे देत नाही, पण आपल्याकडे पूर्व भागात ते नाव घराघरात सापडतं. आजीची नोकरी तिथेच झाली. कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक या भागात पिढ्यान् पिढ्या विणकर पद्मशाली कुटुंबं राहतात, घरात तेलुगू बोलतात, पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला. त्या घरातलं सहा वर्षांचं पोर मराठी शाळेत पहिलीत येऊन बसायचं तेव्हा त्याला 'बस' आणि 'उठ' यातला फरकसुद्धा कळायचा नाही. समोर बाई मराठी. अशा वर्गात ज्या बाई टिकल्या त्यांनी काय केलं असेल? आधी स्वतः चार शब्द शिकल्या असतील. रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बस, आणि अन्नं तिन्नावा म्हणजे जेवलीस का.

तुझ्या घरात कुणाला तेलुगू येत नाही, कारण आजीने ती भाषा घरी आणलीच नाही. ती शाळेची भाषा होती, दाराबाहेर काढून ठेवायच्या चपलेसारखी. दारातून ती तेव्हाच आत आली जेव्हा आजीच्या मनात घर आणि शाळा यांच्यामधली भिंत राहिली नाही. ती तुला जेवलीस का असं विचारत होती, पोरी. तुला परकी समजून नव्हे, आपल्या वर्गातली मुलगी समजून. आणि बाईंनी सकाळी वर्गात हा प्रश्न विचारायला कारण असायचं. आई पहाटेपासून सूप मांडीवर घेऊन बसलेली, हजार विड्या झाल्याशिवाय दिवसाचा हिशेब पुरा होत नाही, पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. त्या गडबडीत मूल उपाशी शाळेत येणं ही रोजची गोष्ट. मग ज्या मुलीचं नाव आजीच्या तोंडात शेवटपर्यंत राहिलं ती कोण असेल? रोज उपाशी येणारी? एक दिवस यायची थांबली ती? मोठ्या बहिणीबरोबर विड्या वळायला बसली म्हणून जिचं नाव पटावरून कमी करावं लागलं ती? मला माहीत नाही. पण ती कुणीतरी होती, आणि तुझ्या आजीने आयुष्याच्या अगदी शेवटी तिची जागा तुला दिली. माझ्या मते तुझ्या स्मरणिकेची सुरुवात इथून आहे. ती मुलगी शोध.

हे मी इतक्या जोरात का सांगते तेही सांगते. माझे वडील गेले तेव्हा आम्हीही स्मरणिका काढली होती. १६ पानं, गुळगुळीत कागद, वर रंगीत फोटो. मजकूर मीच लिहिला. मनमिळाऊ, कष्टाळू, निगर्वी, कुटुंबवत्सल. सगळ्यांनी छान झाली म्हटलं. पुढे काही वर्षांनी माळ्यावरून काढून वाचली आणि माझे वडील त्यात कुठेच नव्हते. ते पुस्तक शेजारच्या कुणाचंही चाललं असतं. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. कुणाच्याही घरी गेले, लग्नाला, मयताला, अगदी दवाखान्यात कुणाला बघायला गेले, तरी बसल्या बसल्या पलंगावरच्या चादरीची किनार अंगठ्याखाली घेऊन हळूहळू पुढे सरकवत जायचे. एखाद्या ठिकाणी अंगठा थांबायचा. काही बोलायचे नाहीत, पण आम्हा पोरांना कळायचं की इथे धागा सुटलाय. तो अंगठा मी लिहिला नाही. तेव्हा ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. आज आईही नाही, भाऊ म्हणतो त्याला आठवत नाही, आणि तो अंगठा एकट्या माझ्यापाशी उरलाय. म्हणून ही चूक तू करू नयेस असं मनापासून वाटतं.

तर विशेषणं लिहू नकोस. एकही नको. 'आजी प्रेमळ होती' हे वाक्य आलं की खोडायचं आणि स्वतःला विचारायचं, प्रेमळ होती म्हणजे काय करायची? तू पत्रात एके ठिकाणी ओझरतं लिहिलंयस की लहानपणी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्यायची तेव्हा पाळण्यात बसायच्या आधी प्रत्येक दुकानाची पाटी वाचायला लावायची. बघ, हे झालं. सिद्धेश्वराच्या यात्रेत, त्या गर्दीत, धुळीत, पिपाण्यांच्या आवाजात, एक निवृत्त बाई नातीचा हात धरून उभी आहे आणि 'मौत का कुआँ' मधलं 'कुआँ' तिला पुन्हा वाचायला लावतेय. यात आजी दिसते. संमती कट्ट्यावर यात्रेतलं लग्न लागतं, त्या अक्षतांना ती तुम्हाला कुठे उभं करायची, मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, आले की काय म्हणायची, तेही लिही. सात नंदीध्वज मोजायला लावले नसतील असं होणं नाही.

आणि शेवटच्या काळातलंही तू एक दिलंयस. स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं, पण कुणी २९चा पाढा म्हण म्हटलं की 'एकोणतीस चोक सोळोदरसे' असं न अडखळता म्हणायची, आणि १२ जानेवारी आली की चार हुतात्म्यांची नावं एका दमात सांगायची. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली येरवड्याला फाशी गेलेल्या आपल्या गावच्या या चौघांची नावं सोलापूरच्या शाळांमधून दरवर्षी घेतली जातात. आजीने ती ३७ वर्षं पोरांकडून म्हणून घेतली. तुला वाटतंय की शेवटच्या दोन वर्षांनी आधीची आजी पुसून टाकली. मला तुझ्या पत्रात उलट दिसतं. त्या दोन वर्षांत वरवरचं सगळं गळून गेलं आणि खाली बाई उरल्या. ती दोन वर्षं स्मरणिकेतून वगळू नकोस. घरातले म्हणतील, चांगलंच लिही, आजारपण कशाला. तरी एक पान त्याला दे, आणि ते सगळ्यात शेवटी लिही.

तसंच छडीचं. आजी छडी मारायची का हे तू लिहिलं नाहीस, पण त्या काळातल्या बाई होत्या, म्हणजे हातावर वळ उठलेला एखादा विद्यार्थी भेटेलच. तो काय सांगतो ते जसंच्या तसं लिही. सावरून घेऊ नकोस.

बाबांना 'आजी कशी होती' असं कधी विचारू नकोस. या प्रश्नाला कुणालाच उत्तर देता येत नाही, आणि ज्याची आई गेलीय त्याला तर नाहीच. त्यांच्या हाताला काम दे. आजीची ट्रंक किंवा कपाट अजून आवरलं नसेल तर फार बरं, आवरूच नका. एका रविवारी बाबांना म्हण, मला वरची पेटी उतरून द्या. पेटी उघडली की प्रश्न बारीक विचारायचे. शाळेतून आली की पिशवीत काय असायचं? पगार झाला की पहिल्यांदा काय आणायची? मिलचा भोंगा झाला की ती कुठे असायची? बहात्तरच्या दुष्काळात घरात काय शिजायचं, तिच्या वर्गात किती पोरं उरली होती? बाबा तेव्हा शाळकरी असतील, त्यांना दुष्काळात मिळायची ती लाल मिलो ज्वारी आणि सुकडी आठवत असेल. माणूस खायच्या गोष्टीवरून बोलायला लागतं. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी सांगून कर, आणि सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय ते स्पष्ट म्हण. नंतर ती फाइल आणखी दोन ठिकाणी ठेव. फोन हरवतात.

पेटीतले कागद फेकू नका. शिक्षकांना दर १० वर्षांनी जनगणनेचं काम असायचं, निवडणुकीचं असायचं. त्यांची पत्रं, जुनी ओळखपत्रं, निवृत्तीच्या समारंभाचा फोटो, मुलांनी दिलेली भेटकार्डं, यातल्या प्रत्येकामागे एक दिवस आहे. ती नोकरीला लागली त्याच वर्षी, १ मे १९६४ला, सोलापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जुन्या कागदांवर कुठलं नाव छापलंय ते बघ. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७चं, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तिने बालभारतीशिवाय शिकवलंय. ती जुनी पुस्तकं कुठली, हे घरातलं कुणी सांगू शकणार नाही, पण तिच्याबरोबरीच्या एखाद्या निवृत्त बाई सांगतील. त्यांच्याकडे लवकर जा. त्याही आता ऐंशीच्या आसपास असणार.

काकांच्या हॉलबद्दल दोनच शब्द. भांडू नकोस. त्यांनाही आईसाठी काहीतरी करायचंय आणि त्यांना हॉल बुक करता येतो. फक्त एवढं माग की व्यासपीठावर पाहुण्यांची भाषणं कमी आणि आजीचे विद्यार्थी जास्त असावेत, आणि वर्षश्राद्धाला स्मरणिका तयार झाली नाही तर चालेल. तीन महिन्यांत घाईने छापण्यापेक्षा तू दीड वर्ष घेतलंस तरी आजीला चालेल. तिने रोज तीच बाराखडी ३७ वर्षं शिकवली.

आता विद्यार्थी. १९६४ला पहिलीत बसलेलं पोर आज सत्तरीला टेकलंय, म्हणून त्या मुलीला शोधायला वेळ लावू नकोस. वर्गाचा एखादा फोटो पेटीत असेलच, त्याची मोठी प्रत काढून घे. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेट. दाखले जिच्यावरून देतात ती जनरल रजिस्टरं शाळा जपून ठेवते. ती कुणालाही चाळायला देता येणार नाहीत, पण बाईंची नात आलीय म्हटल्यावर 'या नावाची मुलगी बाईंच्या काळात होती का' एवढं बघून सांगायला कुणी नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. एकाच नावाच्या सात-आठ निघतील. निघू देत. तेवढी घरं फिरायची. जुन्या गल्लीत सापडल्या नाहीत तर गावाबाहेर कुंभारीला जा. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत झाली तिथे पूर्व भागातली कितीतरी कुटुंबं राहायला गेली आहेत.

दुपारी तीनच्या सुमाराला जा. तोवर पानं कातरून झालेली असतात, बायका उंबऱ्यापाशी उजेडाला सूप घेऊन बसतात, हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, घरची शेंगाचटणी ने. खुर्ची देतील ती घेऊ नकोस, त्यांच्याशेजारी खाली बस. फोटो त्यांच्या हातात दे आणि थोडा वेळ काही बोलू नकोस, चष्मा शोधतील, सुनेला हाक मारतील, बोटाने एकेक चेहरा धरत येतील. आणि मग बाई कशा होत्या, बाई काय शिकवायच्या, असलं काहीही विचारायच्या आधी हे विचार, "बाई तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या?"

तुझी,
ताई